खिडकीचं गाणं कुणाचं

यंदा तिसऱ्या माळेला ते गाणं वर आलं. वर म्हणजे आमच्या सतराव्या मजल्यावर. चाळ पाडून टॉवर झाला, देवी आता खाली पोडियमवर बसते. दिवेलागणीला गरब्याचे स्पीकर सुरू झाले की त्यांचा धडधडाट भिंतींतून चढत चढत थेट माझ्या डब्यांच्या फळीपर्यंत येतो. मी वरीचे तांदूळ निवडत बसले होते. त्या दिवशीचा रंग करडा, म्हणून करडी साडी. आमच्या वेळी नवरात्रात रंगबिंग काही नव्हते, पण सगळ्याजणी नेसतात तर आपण एकटीने पिवळं कशाला नेसून बसायचं?

आधी नुसता ठोका आला. मग त्या ठोक्याच्या आतून, रिक्षात दाबून बसलेल्या बाईसारखी, ती चाल निघाली.

खिडकी उघडी ठेव सये, वारा येणार आहे,
जाता जाता तुझे नाव तो घेणार आहे.

ताट मांडीवर तसंच राहिलं आणि पोटात जुनी कळ आली. पित्ताची नव्हे. पित्ताची कळ गोळीने जाते.

तुम्हाला हे गाणं कुठल्या ना कुठल्या अंगाने भेटलेलं असणार. आमच्या तरुणपणी ते रेडिओवर आलं तेव्हा त्यात अकॉर्डियन होता, बोंगो होता, आणि गाणारी बाई जराशी हसत हसत गायची. म्हाताऱ्यांनी नावं ठेवली, तरुणांनी डोक्यावर घेतलं. मग लग्नाच्या वरातीत ब्रास बँडने ते वाजवलं, तेव्हा वारा कसला, वादळच. बँजो पार्टीने विसर्जनाला वाजवलं. त्यात शब्दच नसतात, पण पोरं नाचता नाचता स्वतःच शब्द ओरडायची. एका निवडणुकीत तर कुणीतरी खिडकीच्या जागी उमेदवाराची निशाणी बसवली. पुढे रीमिक्स आलं, त्यात एक मुलगी पावसात भिजत खिडकी पुसत होती. का, ते मला अजून कळलेलं नाही. आणि आता हा गरबा.

अर्थही तितकेच. आमच्या सासूबाई मालवणकडच्या. त्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाल्या, "कित्याक गो खिडकी उघडूची? घूस येतली भितुर!" त्यांचं बरोबरच होतं. आमची खोली मधली. पुढे गॅलरी, आणि मागे एकच खिडकी, ती घरगल्लीत उघडणारी. दोन चाळींच्या मधली ती बोळ. तिच्यात सगळ्या मोऱ्यांचं पाणी आणि वरून टाकलेलं सगळं काही. ती खिडकी उघडली तर वारा येण्याआधी वास यायचा. म्हणून ती कायमची बंद, वर खिळा ठोकलेला. म्हणजे बघा, गाणं ज्यांना सांगतं खिडकी उघडी ठेव, त्यांत मी मुळात धरलेलीच नव्हते.

तळमजल्यावरचे युनियनवाले काका म्हणायचे, वारा म्हणजे कामगारांची एकजूट, कवीने सरळ लिहिलं नाही इतकंच. शेजारच्या चाळीतले शकूचे वडील सांगायचे, खिडकी म्हणजे माणसाचं डोकं आणि वारा म्हणजे शिक्षण. माझी नात ओवी आता म्हणते, "आज्जी, हे गाणं कुणा मुलाबद्दल नाहीच्चे. ती स्वतःशीच बोलतेय. स्वतःला ओपन ठेवणं, यू नो." म्हणू देत. मी पन्नास वर्षं त्या गाण्याचा एकच अर्थ लावत आले. वारा म्हणजे आमचे हे. आणि खिडकी शकूची.

आता शकू कोण ते सांगते.

माझं लग्न झालं त्यानंतरची पहिली नवरात्र. ऑक्टोबरचं ऊन, गॅलरीच्या लोखंडी कठड्याला हात लावला तर चटका. दादरहून आणलेल्या झेंडूच्या पाट्या जिन्याखाली ओल्या गोणपाटाने झाकलेल्या, त्यांचा तो कडू-गोड वास. मिलचा भोंगा. पाळी सुटली की रस्ताभर माणसं, प्रत्येकाच्या भुवयांवर कापसाचे तंतू, जशी काही सगळी एका दिवसात म्हातारी होऊन बाहेर पडली. त्यांत हे. साचा खात्यात होते, साचे म्हणजे कापड विणायचे माग चालवायचे. खोलीत शिरले की मी पदराने त्यांच्या भुवया पुसायची. नवी नवरी होते, एवढं करायला मिळत होतं.

साचा खात्यातली माणसं घरी मोठ्याने बोलतात, हे मला सासरी येऊन कळलं. तिथे शेकडो साचे एका वेळी आदळतात, बाजूच्याने कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथे आवाजाने कुणी बोलतच नाही; ओठांनी बोलतात. शब्द तोच, नुसता आवाज काढायचा नाही. ह्यांनी ती विद्या मला शिकवली. खालच्या पटांगणातून, चारचौघांत, माझ्याकडे बघून ओठ हलवायचे, 'डबा'. मी वरून मान हलवायची. मग 'सिनेमा?' सासूबाई शेजारी तांदूळ पाखडत बसलेल्या, त्यांना पत्ता नाही. मग 'राग आला?' मला वाटायचं, अख्ख्या गिरणगावात ही भाषा फक्त आम्हा दोघांची आहे. नव्या नवरीला काय काय वाटतं!

त्या वर्षी मंडळाने करमणुकीचा कार्यक्रम ठरवला, आणि गाणारी म्हणून शेजारच्या चाळीतली शकू बोलावली. तिच्या वडिलांची गायन पार्टी होती, भीमजयंतीला रस्त्यावर स्टेज बांधून गायचे. शकू लहानपणापासून त्या स्टेजवर. सावळी, उंच, दोन वेण्या. आली आणि सरळ म्हणाली, "देवीची गाणी मी म्हणणार नाही हां. पण ते खिडकीचं म्हणेन." मंडळवाले एकमेकांकडे बघायला लागले, मग सेक्रेटरी म्हणाले, "अगं, तेच तर पाहिजे."

संध्याकाळी आमच्या गॅलरीसमोरच्या व्यायामशाळेत तालीम. पहिली पाळी सुटलेली, सगळे दाराशी गोळा. आणि सगळ्यांच्या पुढे, अगदी तिच्या तोंडासमोर, आमचे हे.

काय बघत होते ते मला वरून नीट दिसायचं. तिच्या वेण्या नाही, डोळे नाही. तोंड. ती गायची ते पार टाळू दिसेल असं तोंड उघडून, एकेक अक्षर दाताखालून काढून ठेवल्यासारखं. आणि हे टक लावून त्या तोंडाकडे. मान हलत नाही, पापणी हलत नाही. कडव्यामागून कडवं.

दुसऱ्या दिवशी नळावर सुमनवहिनी, आमच्या पलीकडच्या खोलीतल्या, हंडा विसळता विसळता म्हणाल्या, "मालू, तुझा नवरा गाणं ऐकतो की खातो गं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. तुम्ही कधी असं हसला आहात का? गाल दुखतात.

मग मीही गायला लागले. मला काय गाणं येत नव्हतं होय? गावी दशावतार संपल्यावर मी सगळी पदं म्हणून दाखवायची. स्टो कोपऱ्यात भिंतीला लागून, मी भिंतीकडे तोंड करून भाकऱ्या थापायची, आणि मागे हे पाटावर बशीतून चहा पीत. मी मुद्दाम तेच गाणं म्हणायची. स्टोच्या फरफरीवरून जाईल इतक्या वरच्या पट्टीत. एक दिवस, दोन दिवस, अख्खी नवरात्र. हे आपले बशीवर फुंकर घालत. एकदा सगळं म्हणून झाल्यावर म्हणाले, "साखर कमी झालीय."

आणि त्याच दुपारी पटांगणातून वर बघून ओठ हलवले, 'खिडकी उघडी ठेव सये'. आमच्या भाषेत! तिचं गाणं! माझं डोकं असं फिरलं म्हणता, मी आत गेले आणि दार आपटून लावलं. आम्हाला उघडायला खिडकी कुठे होती?

दसऱ्याचं तर विचारूच नका. सकाळी आम्ही आपट्याची पानं घेऊन निघालो, ह्यांच्या मामाकडे, गिरगावात. आणि समोरून शेजारची चाळ निघालेली, बायका पांढऱ्या साड्या नेसून, पोरांच्या हातात निळे झेंडे, दादरकडे. त्यांचा तो मोठा दिवस. शकू मध्ये, पांढऱ्या साडीत काय दिसत होती! खोटं कशाला बोलू, मला तिची साडीसुद्धा खुपली. रस्ता मधे, बस मधे. हे माझ्यापुढे दोन पावलं होते. त्यांनी हात वर केला. आणि काहीतरी म्हणाले. आवाज नाही, ओठांनी. ह्यांचे ओठ मला दिसले नाहीत, मला दिसलं ते समोरचं शकूचं तोंड. ते हसलं. छातीला हात लावून हसली ती.

"काय म्हणालात तिला?"

"कुणाला? काही नाही. चल, मामा वाट बघतोय."

बस्स. एवढंच. नंतर शकूचं लग्न झालं, ती शिवडीला गेली. मिल बंद पडली, ह्यांनी कॉटन ग्रीनच्या गोदामात नोकरी केली, मुलगा शिकला, चाळ गेली. हे गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. संसार चांगला झाला हो माझा. मारझोड नाही, दारू नाही. पण चांगल्या शिवलेल्या ब्लाउजात एक टाचणी राहून जावी तसं ते 'काही नाही'. इकडे वळलं की टोचतं, तिकडे वळलं की टोचतं.

तर, तिसरी माळ. ओवी ऑफिसमधून आली, चपला काढता काढता म्हणाली, "आज्जी, खाली काय वाट लावलीय गाण्याची! मी ह्याचं कव्हर करणारे."

कव्हर म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण आपल्या तऱ्हेने म्हणायचं आणि फोनवर टाकायचं, हे मला तिनेच शिकवलेलं. एक छोटी गिटार आहे तिच्याकडे, खेळण्यासारखी. मी ताट बाजूला ठेवलं, पदर सारखा केला. म्हटलं आता विचारेल, आज्जी, तुला येतं ना गं पूर्ण?

ती म्हणाली, "बाबा म्हणतात, चाळीत कुणी शकुंतला आजी होत्या, त्या भारी म्हणायच्या. कुठे असतात गं?"

माझा मुलगा त्या नवरात्रीत जन्मलाही नव्हता. पण चाळीने शकूचं गाणं त्याच्यापर्यंत पोचवलं, आणि आईने ओट्याशी जन्मभर म्हटलेलं त्याच्या ध्यानात नाही!

"शिवडीला," मी म्हटलं. "पण तिला आता काय आठवणार? वय झालं तिचं." आमच्या दोघींचं वय एकच आहे, ते मी सांगितलं नाही.

गेली पोरगी. आली ती लाल होऊन. "आज्जी, शी इज अमेझिंग! मला म्हणाली, पोरी, तू गातेस का औषध गिळतेस? तोंड उघड!" आणि मग दोन दिवस घरात तेच. शकू आजी असं म्हणते, शकू आजी तसं म्हणते. तिच्याकडची सुक्या बोंबलाची चटणी कशी, तिचा पाळलेला पोपट कसा. माझ्या घरात उपासाची भगर, आणि माझी नात जेवणाच्या टेबलावर शकूच्या बोंबलाची वाहवा करते! मी तिला भगर वाढली ती जरा जोरातच वाढली. एकदा नवऱ्याने बघितलं, आता नात बघतेय. ह्या बाईला माझ्याच घरातली माणसं का लागतात?

सातव्या माळेला ओवी परत निघाली तशी मी म्हटलं, "मीपण येते."

"तू? तुझे गुडघे?"

"गुडघे माझे आहेत. टॅक्सी बोलाव."

शकू जाड भिंगाचा चष्मा लावून दारातच खुर्ची टाकून बसली होती. वेण्या गेल्या होत्या, पांढरा अंबाडा आला होता. मला बघून तिने चष्मा वर केला. "मालू! अगं बाई! तू जाडी झालीस!"

"तू कुठे बारीक राहिलीस?"

"ये, बस. पंखा इकडे कर गं ओवी. तुझ्या आजीला घाम लगेच येतो, पूर्वीपासून."

हे तिला कसं ठाऊक, ह्याचाही मला राग आला. तिने ओवीला समोर बसवलं, हनुवटी धरून तोंड वर केलं आणि शिकवायला लागली. "हे बघ. माझे वडील सांगायचे, स्टेजवर लाईट जाते, भोंगा बंद पडतो. मग शेवटच्या रांगेतल्या माणसाला काय पोचणार? त्याला तुझं तोंड दिसतं ना? मग शब्द तोंडावर ठेव. म्हण, खि-ड-की." ओवीने म्हटलं. आणि पन्नास वर्षांनी मी ह्यांचा तो घास पुन्हा समोर बघितला, टाळूपर्यंत उघडलेलं ते तोंड.

मला राहवलं नाही. ओवी पाणी आणायला आत गेली तशी मी विचारलं. कसं विचारलं, कुठल्या शब्दांत, आता आठवत नाही. "शकू, त्या दसऱ्याला, तुम्ही दादरला निघाला होतात, तेव्हा आमचे हे तुला काय म्हणाले होते?"

मला वाटलं ती म्हणेल, कुठला दसरा? पण तिला लगेच आठवलं. तेही खुपलंच.

"भाऊ? म्हणाले, 'सगळं पोचलं'."

"म्हणजे?"

"म्हणजे गाणं. अगं, पहिल्या तालमीला ते माझ्याकडे आले होते ना. म्हणाले, ताई, मला नुसती घरघर ऐकू येते हो, शब्द येत नाहीत. जरा तोंड उघडून म्हणाल का? बायकोला म्हणून दाखवायचंय. मी म्हटलं, भाऊ, पुढे उभे राहा, मी एकेक शब्द देते तुम्हाला." ती माझ्याकडे बघत राहिली. "साच्यावर कान गेले होते त्यांचे, तेव्हाच. निम्मे तरी. मालू, तुला नव्हतं ठाऊक?"



म्हातारपणी ते ऐकेनासे झाले, तेव्हा आम्ही म्हटलं, वय. कानातलं मशीन आणलं, ते त्यांनी कपाटात टाकून दिलं. पण तेव्हा? पंचविशीतला माणूस, भुवयांवर कापूस घेऊन दारात उभा राहणारा? माझ्याशी बोलताना सतत तोंडाकडे बघायचे, मी समजायची, प्रेम. असेल, प्रेमही असेल. पण मी भिंतीकडे तोंड करून अख्खी नवरात्र गात होते, आणि मागे पाटावर बसलेल्या माणसाला ऐकू येत होती ती स्टोची फरफर. आणि ज्या दिवशी त्यांनी ते गाणं शब्द न् शब्द जमवून पटांगणातून मला म्हटलं, त्या दिवशी मी दार लावलं.

ह्या गाण्याची एवढी कव्हरं झाली, बँड, बँजो, गरबा. सगळ्यांत पहिलं कव्हर ते होतं. बिनआवाजाचं. माझ्यासाठी केलेलं.

ओवी पाणी घेऊन आली. मी तांब्या तसाच तोंडाला लावला.

तुम्हाला वाटेल, आता हिच्या पोटातली कळ गेली असेल. शकूच्या गळ्यात पडली असेल. पडले, निघताना पडले, तशी रीतच आहे. तिने ओवीच्या हातात चटणीची बाटली दिली, तीही घेतली. पण टॅक्सीत बसल्यावर, शिवडीच्या गोदामांच्या भिंती बाजूने सरकत असताना, मी स्वतःशी नीट विचार केला. जुनी टाचणी निघाली, ते खरंच. ते शकूकडे बघत नव्हते, माझ्यासाठी शब्द गोळा करत होते. पण मग ही नवी कुठून आली? ऐकू येत नाही, ही गोष्ट ते तिला सांगू शकले. मला नाही. नव्या बायकोसमोर कमीपणा वाटला असेल, मी समजू शकते. पण त्यांची सगळ्यांत आतली गोष्ट पन्नास वर्षं शिवडीत सांभाळून ठेवलेली होती, आणि मी इथे भुवया पुसत होते. मला जळायला आता आधीपेक्षा चांगलं कारण मिळालं, असं म्हणा.

दसऱ्याला दुपारी ओवीने तिचं कव्हर फोनवर टाकलं. मला दाखवायला आली. "आज्जी, कसं झालंय सांग. खरं खरं सांग हां."

गाणं सुरू झालं. छोटी गिटार, बारीक गोड आवाज. मी म्हटलं, "आवाज बंद कर."

"काय?"

"आवाज बंद कर गं. नुसतं दिसू दे."

ती वेड्यासारखी माझ्याकडे बघायला लागली, पण तिने केला बंद. आणि मी चष्मा सरळ करून बघितलं. खि-ड-की. उघडी. ठेव. एकही अक्षर सांडलं नव्हतं. मला ओठ वाचता येतात, मला शिकवणारा माणूस पक्का होता. सगळं पोचलं. माझ्या नातीच्या तोंडावर, ह्यांचं नाक आहे तिला, त्या नाकाखाली शकूचं तोंड उघडत होतं, मिटत होतं.

"छान झालंय," मी म्हटलं. "शकूला पाठव. तिला आधी."

"तुला आधी दाखवलं."

"हो?"

"म्हणजे काय!"

संध्याकाळी पुऱ्या तळायच्या होत्या. ह्या टॉवरातला ओटाही भिंतीकडेच तोंड करून आहे, वर खिडकी आहे म्हणा, ती उघडीही असते, वाराही येतो, सतराव्या मजल्यावर काय तोटा! मी गॅस बारीक केला आणि वळले. ओट्याला पाठ टेकली. समोर हॉलमध्ये ह्यांची वेताची खुर्ची आहे, त्यावर आता ओवीची ऑफिसची बॅग असते. मी बॅगेकडे बघून सुरू केलं. आवाज काढला नाही. एकेक शब्द तोंडावर ठेवत गेले, टाळू दिसेल असं, शकूपेक्षा मोठं तोंड उघडून.

ओवीने फोनमधून मान वर केली. "आज्जी, दमलीस का? केवढाल्या जांभया देतेयस!"

"हो गं बाई, दमले," मी म्हटलं, आणि दुसरं कडवं घेतलं.